खोकला नव्हता

मुलुंड पूर्व
८ डिसेंबर २०२४

क्षमाताई,

तुमचा अकोल्याचा पत्ता मावशींकडून घेतला. फोन लागत नाही. आमच्या दोघांचे नंबर तुम्ही बंद करून ठेवले असावेत. त्याबद्दल काही म्हणायचं नाही. देवव्रतला हे पत्र माहीत नाही. बहिणीला बायकोने परस्पर लिहिलेलं त्याला आवडणार नाही.

शाल्मली आजारी आहे. तुम्ही मुलांच्या डॉक्टर आहात, म्हणून लिहिते.

तुम्ही घर सोडलंत तेव्हा ती बालवाडीतून पहिलीत जात होती. आता चौथीत आहे. ऑक्टोबरपासून तिच्या हातून वस्तू पडू लागल्या. आधी पेन्सिल, मग डबा, मग पाण्याचं भांडं. अक्षर बिघडलं. शाळेतून बोलावणं आलं. बाई म्हणाल्या, "ही वर्गात तोंडं वेडावते. मी फळ्याकडे वळले की खांदे उडवते." देवव्रतने तिला रोज एक पान शुद्धलेखन घातलं. ती लिहायची. ओळी पानाबाहेर जायच्या. तो पान फाडायचा. "परत लिही." मी स्वयंपाकघरात असायचे.

भाऊबीजेला देवव्रतचा पाट या वर्षीही मांडला नव्हता. वरच्या मजल्यावरचा मिहिर आला होता, शाल्मली त्याला ओवाळत होती. ताम्हन कललं, निरांजन त्याच्या मांडीवर पडलं. देवव्रतने हात उगारला.

आप्पा म्हणाले, "थांब. तिला इकडे आण."

तुमच्या वडिलांचा तो आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. त्यांनी आपली दोन-दोन बोटं तिच्या मुठींत दिली. "दाब. घट्ट. सोडू नकोस." ती दाबायची, पकड सुटायची, पुन्हा दाबायची. गाईची धार काढावी तसं. मग म्हणाले, "जीभ बाहेर काढ. तशीच ठेव." जीभ बाहेर राहीना. आत-बाहेर होत राहिली. तिला वाटलं खेळ आहे. ती हसली.

"पोरीला उगाच मारता," आप्पा म्हणाले. "हे तिच्या हातात नाही. संधिवाताचा ताप आहे हा. घशातल्या जंतूंनी येतो, घसा बरा झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी. हृदय तपासून घ्या उद्याच." मग विचारलं, "हिचा घसा कधी दुखला होता?"

देवव्रत म्हणाला, "आठवत नाही, आप्पा."

घाटकोपरला हृदयाच्या डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे नेलं. डावीकडची झडप नीट मिटत नाही. थोडं रक्त मागे जातं. अंगाचं हलणं काही महिन्यांत थांबेल, झडपेचं सांगता येत नाही. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. ती मोठी होईपर्यंत, कदाचित त्यानंतरही.

घसा गणपतीच्या आधी दुखला होता. डॉक्टरांनी बघितला होता. तरी असं होऊ शकतं का, एवढंच कळवा.

ऋता


२९ डिसेंबर २०२४

क्षमाताई,

तुमचं कार्ड मिळालं. दोनच वाक्यं होती. इंजेक्शन एकदाही चुकवू नका. घसा कोणत्या डॉक्टरांनी बघितला?

आप्पांनी.

मागच्या पत्रात मी डॉक्टरांनी असं लिहिलं. ते खोटं नव्हतं.

आप्पांची नजर आता मधून गेली आहे. कडेचं दिसतं. समोरच्या माणसाचे खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. तरी ते रोज संध्याकाळी खाली दवाखान्यात बसतात. काशीराम कंपाउंडर अजून आहे. थर्मामीटर तो वाचतो, चिठ्ठी तो लिहितो, आप्पा सही करतात. तुम्ही गेल्यावर बिल्डिंगमध्ये एक पद्धत पडली. मूल आजारी पडलं की आधी आप्पांना दाखवायचं. ते सांगतील ते हो हो म्हणून ऐकायचं. मग रिक्षा करून पश्चिमेला मुलांच्या डॉक्टरांकडे जायचं. सगळे तसंच करतात. तिसऱ्या मजल्यावरची माधुरी, मिहिरची आई, म्हणते, "आप्पांकडे नाही गेलं तर महिनाभर जिन्यात बोलत नाहीत गं. त्यापेक्षा दहा मिनिटं गेलेली परवडली." आम्ही घरातले लोकही तसंच करत होतो. आम्हीच सुरुवात केली असेल.

हरतालिकेचा दिवस होता. शाल्मलीला ताप होता, गिळताना रडत होती. आप्पांनी तिला खिडकीशी उभं केलं, चमच्याच्या दांड्याने जीभ दाबली, टॉर्च मारला. "थोडा लाल आहे. हवा बदलली की होतं. मिठाच्या गुळण्या दे." मी हो म्हटलं. संध्याकाळी पश्चिमेला न्यायचं ठरलं होतं. देवव्रत मूर्ती आणायला गेला. माझा उपास होता, सारण व्हायचं होतं. आणि तिला खोकला नव्हता. दरवर्षी पावसाळ्यात खोकून खोकून जीव जातो तिचा. या वेळी खोकला नव्हता म्हणून मला बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी गणपती बसले. ऋषिपंचमीला ताप उतरला. आरतीला ती टाळ वाजवत होती.

घाटकोपरच्या बाईंनी विचारलं तेव्हा आप्पा शेजारच्या खुर्चीवर होते.

"घसा दुखला तेव्हा खोकला, सर्दी?"

"नाही."

"गळ्याशी गाठी लागत होत्या?"

"लागत होत्या."

"ताप आहे, घसा दुखतो आणि खोकला नाही, अशा मुलांनाच जास्त बघायचं असतं. कोणाला दाखवलं होतं?"

देवव्रत म्हणाला, "कोणाला नाही. आम्ही दाखवलंच नाही."

"शिकलेले दिसता," बाई म्हणाल्या. मग लिहिता लिहिता म्हणाल्या, "लाल घसे सगळे सारखेच दिसतात. नुसतं बघून मलाही सांगता येत नाही. कापसाची काडी फिरवून तपासायला पाठवावं लागतं."

हे आप्पांनी ऐकावं असं मला वाटलं. त्यांनी ऐकलं. म्हणाले, "ते बघणाऱ्यावर असतं."

बाई कसनुशा हसल्या. आप्पा माझ्याकडे बघत होते. म्हणजे माझ्या दिशेने.

हरतालिकेचं त्यांना आठवतं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

ऋता


१९ जानेवारी २०२५

क्षमाताई,

इंजेक्शन चुकलेलं नाही. कंबरेत देतात. त्या दिवशी ती लंगडत शाळेत जाते. हाताचं हलणं कमी आहे. अक्षर अजून तसंच.

आप्पा माझ्याशी बोलत नाहीत. घाटकोपरहून आल्यापासून. ताट वाढलं की जेवतात, पाणी हवं असलं तर शाल्मलीला हाक मारतात. जिन्यात जो भेटेल त्याला सांगतात, "घरात डॉक्टर बसलाय आणि पोरीचा घसा मला दाखवला नाही. सून शिकलेली, कॉलेजात मराठी शिकवते." लोक ऐकून घेतात. मग माझ्याकडे बघतात. सगळ्यांना माहीत आहे. कारण हरतालिकेच्या सकाळी माधुरी साखर मागायला आली होती, खिडकीशी सगळं चाललेलं तिने बघितलं होतं.

मी देवव्रतला म्हटलं, "तू तिथे खोटं का बोललास?"

"मग काय बोलायला हवं होतं? बाईंसमोर सांगू, ह्यांनी बघितला आणि ह्यांना दिसत नाही?"

"हो."

"तू सांग मग."

मी सांगितलं तर सून आपलं झाकण्यासाठी म्हाताऱ्यावर ढकलते असं होईल. तो मुलगा आहे, त्याने सांगितलेलं वेगळं. हे मी त्याला म्हटलं. तो पेपर वाचत होता.

आता पुढचं. त्यासाठीच हे पत्र आहे. आप्पांनी काशीरामकडून फळ्यावर लिहून घेतलं आहे: दर रविवारी सकाळी लहान मुलांचे घसे मोफत तपासले जातील. आपल्या नातीसारखं दुसऱ्या कोणाचं होऊ नये म्हणून. बिल्डिंगमधली मुलं रांगेत उभी राहतात. आप्पा एकेकाच्या तोंडात टॉर्च मारतात. "स्वच्छ. जा. स्वच्छ. जा." मिहिरला मागच्या आठवड्यात ताप होता. त्यालाही स्वच्छ म्हणाले. माधुरी मला जिन्यात म्हणाली, "पाच मिनिटांत रिक्षात घातला त्याला. काडी फिरवून घेतली. मी तुझ्यासारखं नाही करणार बाबा."

बिल्डिंगच्या मुलांची मला काळजी नाही. त्यांना पद्धत माहीत आहे. पण आप्पांचे जुने पेशंट भांडुपहून येतात. त्यांच्या सुना आता मुलांना घेऊन येऊ लागल्यात. मोफत आहे, नाव जुनं आहे. त्यांना पद्धत कोणी सांगितलेली नाही. आप्पा स्वच्छ म्हणाले की त्या पाया पडून घरी जातात.

मी काशीरामला गाठलं. म्हटलं, "तुम्ही तरी त्यांना बाहेर सांगा, दुसरीकडे दाखवा म्हणून."

"वहिनी, चाळीस वर्सां मी हेंच्या हाताखाली. दारात उभो ऱ्हवान असा बोलतलंय मी?"

तुम्ही या. एकदाच. तुम्ही मुलांच्या डॉक्टर, त्यांची मुलगी. तुमचं ते ऐकणार नाहीत, हे मला माहीत आहे. पण त्यांच्या तोंडावर बोलणारं दुसरं कोणी नाही.

ऋता


९ फेब्रुवारी २०२५

क्षमाताई,

तुमचं उत्तर मिळालं. "मी एकदा सांगितलं. तेव्हा तुम्ही दोघं त्याच खोलीत होतात."

होतो. दवाखान्यात दोन पेशंट बसले होते. तुम्ही आप्पांच्या डोळ्यांसमोर बोटं धरलीत. विचारलंत, किती? ते म्हणाले, तीन. तुम्ही पेशंटना म्हणालात, मोजा. आप्पा म्हणाले, माझ्या घरातून चालती हो. देवव्रत म्हणाला, ताई, हे असं करायची काय गरज होती? मी तुमच्या बॅगेत तुमचा चार्जर ठेवला.

तुम्ही बरोबर होतात, हे लिहिण्याचा आता उपयोग नाही. तुम्हालाही त्याचा उपयोग नसेल.

मी स्वतः प्रयत्न केला. मागच्या रविवारी सगळे गेल्यावर खाली गेले. आप्पा टॉर्च पुसत होते. मी म्हटलं, "आप्पा, हे बंद करू या. घाटकोपरच्या बाई म्हणाल्या ना, नुसतं बघून त्यांनाही कळत नाही. तुमचा दोष नाही त्यात."

"माझा दोष?" ते म्हणाले. "माझा दोष कसला?"

मी थांबले. तिथे थांबायला नको होतं.

"जेवायला वाढ," ते म्हणाले. जवळजवळ तीन महिन्यांत त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं. मी वर जाऊन वाढलं. ते जेवले. म्हणाले, आमटी बरी झाली आहे. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटलं.

एक चांगली गोष्ट. बुधवारी पुन्हा हृदयाची तपासणी झाली. झडपेची गळती आहे तेवढीच आहे, वाढलेली नाही. बाई म्हणाल्या, "असंच राहिलं तर पुढे ऑपरेशन टळू शकेल." बाहेर आल्यावर आम्ही स्टेशनजवळ बटाटेवडे खाल्ले. शाल्मलीने एक पाडला. फक्त एक. मला हसू आलं. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "अजून एक पाडू?"

भांडुपची माणसं येतातच आहेत.

ऋता


२ मार्च २०२५

क्षमाताई,

उद्या घाटकोपरला जायचं आहे. का, ते शेवटी लिहिते.

गुरुवारी आम्ही जेवत होतो. आप्पा काशीरामला सांगत होते. तो औषधांचा हिशेब घेऊन वर आला होता. तेच बोलणं. "मला वेळेवर दाखवला असता तर पोरीच्या हृदयापर्यंत गेलं नसतं. काशीराम, तू सांग, माझ्या हातून एक तरी सुटलाय?"

"नाय डॉक्टर," काशीराम म्हणाला.

शाल्मलीचं जेवण झालं होतं. ती टेबलाच्या टोकाला अभ्यास करत होती. मान वर न करता म्हणाली, "आजोबा, तुम्ही बघितला होता."

देवव्रत म्हणाला, "शाल्मली, जेवण झालं ना, आत जा."

"बसू दे तिला," आप्पा म्हणाले. "कधी बघितला?"

"हरतालिकेला. खिडकीत. चमच्याला हिंगाचा वास येत होता."

"मी काय म्हणालो?"

"थोडा लाल आहे म्हणालात."

"होता का लाल?"

"मला काय माहीत? माझा घसा मला कसा दिसणार?" मग ती म्हणाली, "टॉर्च माझ्या नाकावर होता."

काशीराम उठून उभा राहिला. देवव्रत ताटातला भात एका बाजूला सारत होता. आप्पांनी हात धुतलेला नव्हता. तो तसाच धरून ते तिच्या बाजूला वळले. आवाज अगदी साधा होता.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस? आजोबा, टॉर्च नाकावर आहे म्हणून?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"असं कोणी शिकवलं तुला?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "कोणीच सांगत नाही ना तुम्हाला."

आप्पा उठले. बेसिनची कड हाताने शोधली, हात धुतला. आत गेले. त्यांनी काही आपटलं नाही, रडले नाहीत. मी दाराशी जाऊन आले. पलंगावर सरळ बसले होते, फिरायला जाण्याआधी बसतात तसे.

मला वाटलं, झालं. जे मी तुम्हाला सांगा म्हणत होते ते सांगून झालं. आता काही तरी होईल.

शुक्रवारी संध्याकाळी नेहमीच्या वेळी ते खाली उतरले. काशीरामने शटर वर केलं. मी मागोमाग गेले. बाकावर भांडुपची एक बाई मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. मूल गिळताना तोंड वाकडं करत होतं. मी आप्पांच्या टेबलाशी गेले. म्हटलं, "आप्पा, काल."

"ऐकलं मी काल," ते म्हणाले. हळू, बाईला ऐकू जाणार नाही असं. "बत्तीस साली जन्मलेला माणूस आहे मी. आता घरी बसून काय करू? तू सांग."

ते टॉर्च चाचपत होते. तो त्यांच्या हाताशीच होता. मी बाहेर आले, त्या बाईला म्हटलं, "याला दुसरीकडे दाखवा. मुलांच्या डॉक्टरांना. आजच." तिने माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. म्हणाली, "तुम्ही त्यांच्या सूनबाई ना? ज्यांनी मुलीला दाखवलं नाही त्या?" आणि मूल घेऊन आत गेली.

रविवारची रांग आज सकाळीही होती. शाल्मली गेली नाही. कोणी विचारलं नाही.

आता उद्याचं. काल मी तिला शाळेतून आणत होते. आपला जिना तुम्हाला माहीत आहे, लिफ्ट अजून नाही. पहिल्या मजल्यावर ती वाकून बुटाचे बंद बांधू लागली. मी उभी राहिले. बंद बांधलेलेच होते. ती बोटांनी नुसतं धरून होती. माझ्या लक्षात आलं की ती रोज इथेच बंद बांधते.

मी तिच्यासमोर पायरीवर बसले. "धाप लागते?"

"थोडी."

"कधीपासून?"

"वडे खाल्ले ना आपण, त्याच्यानंतर."

"झोपताना लागते?"

"आडवं झालं की. मग मी उशी उभी करते."

"मला का नाही सांगितलंस?"

तिने बंद सोडले. नाकपुड्या फुलत होत्या. एवढ्या जवळून मी तिच्याकडे किती दिवसांत बघितलं नव्हतं.

"त्या दिवशी तू हसली होतीस," ती म्हणाली.

वर दार उघडल्याचा आवाज आला. आमची पावलं मध्येच थांबली होती, ती आप्पांना ऐकू आली असावीत. कठड्याला धरून ते खाली वाकले. आमच्याकडेच बघत होते.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

तिचा श्वास बसेपर्यंत आम्ही दोघी काही बोललो नाही.

ऋता